लूप फिरतोय, पण काम सरकत नाही: सॉकेट पोलिंगमधला बिघाड ओळखायचा आणि सावरायचा कसा

सकाळी साडेसहाला जत तालुक्यातल्या एका दूध संकलन केंद्रावरून फोन आला. "ताई, पावती निघंना झालीया. काट्यावर वजन दिसतंय, फॅट बी दिसतंय, पण फुडं काय सरकंना. लोकं किटल्या घेऊन हुभी हायती." पाठोपाठ आटपाडीहून तसाच फोन, मग कवठे महांकाळहून.

सांगलीत विश्रामबागेत आमचं छोटं ऑफिस आहे. सव्वातीनशे केंद्रांवरची यंत्रं सिमकार्डवरून आमच्या सर्व्हरला जोडलेली असतात. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकी घन पदार्थ) येतं, दर लागतो आणि पावतीचा मजकूर परत जातो. सर्व्हर सी++ मध्ये, लिनक्सवर, ईपोलच्या एका लूपवर चालणारा. ईपोल म्हणजे अनेक सॉकेटांवर, नेटवर्क जोडण्यांच्या टोकांवर, एकाच वेळी लक्ष ठेवायची लिनक्सची सोय. त्या सकाळी प्रोसेस जिवंत होती, पोर्ट उघडं होतं, लॉगमध्ये एकही एरर नव्हती. फक्त मशीनचा एकुलता एक कोअर १०० टक्क्यांवर अडकला होता. रीस्टार्ट केलं, पावत्या धडाधड निघाल्या आणि वीस मिनिटांत पुन्हा तेच.

नेटवर्कचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी भेटतं. त्या आठवड्यात आणि नंतर जे शिकले ते इथे क्रमाने मांडते. उदाहरणं लिनक्स आणि ईपोलची आहेत, पण सिलेक्ट किंवा पोल या त्याच कामाच्या जुन्या सोयी वापरणाऱ्यांनाही बहुतेक सगळं लागू पडेल.

आधी करार समजून घ्या

पोलिंग म्हणजे कर्नलला, ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, विचारणं: "या सॉकेटांपैकी कुणाकडे काही घडलं का? नसेल तर इतक्या वेळाने उठव." यात दोन्ही बाजूंची जबाबदारी असते. काही घडलं किंवा वेळ संपली तरच कर्नलने उठवायचं, आणि उठवल्यावर तुम्ही त्या सॉकेटचं असं काहीतरी करायचं की तीच गोष्ट पुन्हा सांगायची वेळ येऊ नये. वाचा, लिहा, बंद करा, नाहीतर त्या घटनेतला रस काढून घ्या, म्हणजे ती कळवू नकोस असं सांगा.

हा करार दोन तऱ्हांनी मोडतो. एकात लूप झोपतच नाही, उठतो, काही करत नाही, पुन्हा विचारतो, लगेच उठतो. याला आम्ही ऑफिसात "फुकटचे फेरे" म्हणतो. दुसऱ्यात लूप उठतच नाही, डेटा दारात पडून राहतो. पहिल्यात सीपीयू तापतो म्हणून तो लक्षात तरी येतो. दुसऱ्यात सगळे आलेख शांत असतात आणि फोन वाजल्यावरच कळतं.

बाहेरून निदान: कोडला हात लावण्याआधी

रीस्टार्ट करायचा मोह आवरा. रीस्टार्ट केलं की पुरावा जातो. मी पहिल्या वेळी तेच केलं आणि वीस मिनिटं वाया घालवली.

आधी टॉप -एच लावून बघा की प्रोसेसमधला नेमका कुठला थ्रेड सीपीयू खातोय. लूपचाच थ्रेड असेल तर त्याच्या क्रमांकावर एसट्रेस -सी (सिस्टिम कॉल, म्हणजे प्रोग्रामने कर्नलकडे केलेल्या मागण्या, दाखवणारं साधन) पाच सेकंद चालवा आणि थांबवा. कुठला सिस्टिम कॉल किती वेळा झाला याचा तक्ता येतो. निरोगी लूपमध्ये ईपोल-वेटच्या (घटनेची वाट बघण्याच्या कॉलच्या) आसपास रीड, राइट, ॲक्सेप्ट यांचे आकडे दिसतात. आमच्या तक्त्यात ईपोल-वेट हजारोंच्या घरात आणि बाकी सगळं मिळून चाळीस-पन्नास. एवढ्यावरच निदानाचा अर्धा भाग झाला.

आता -सी काढून एसट्रेस पुन्हा लावा आणि ईपोल-वेटने काय परत केलं ते ओळीने वाचा. शून्य परत येत असेल आणि दिलेला टाइमआउटही शून्य असेल, तर तुमचं टायमरचं गणित चुकतंय. उणे एक आणि सोबत ईइंटर (सिग्नलमुळे कॉल मध्येच तुटला) असेल, तर कुणीतरी सारखे सिग्नल पाठवतंय. एक किंवा जास्त परत येत असेल, तर कुठला डिस्क्रिप्टर (उघड्या सॉकेटला मिळालेला क्रमांक) आणि कुठली घटना ते बघा. आमच्याकडे प्रत्येक ओळ सारखी होती: घटना ईपोलएरर (कनेक्शनवर चूक) आणि ईपोलहप (कनेक्शन तुटलं), आणि दर वेळी तीच सॉकेटं. पुढची ओळ पुन्हा ईपोल-वेट. मध्ये काहीच नाही.

मग तिसरी पायरी, जी फार कमी लोक वापरतात. प्रॉकमध्ये (कर्नल जिथे चालू प्रोसेसची माहिती दाखवतो) प्रोसेसच्या फोल्डरात एफडीइन्फो नावाचं फोल्डर असतं. त्यात ईपोलच्या डिस्क्रिप्टरची फाइल कॅट करा. नोंदवलेल्या प्रत्येक सॉकेटची एक ओळ दिसते: टीएफडी म्हणजे सॉकेटचा क्रमांक आणि इव्हेंट्स म्हणजे तुम्ही कशात रस दाखवलाय त्याचा सोळा आधाराच्या पद्धतीतला आकडा. वाचायची वाट पाहणारं साधं सॉकेट तिथे १९ दाखवतं. एक वाचण्याचा, आठ एररचा, आणि सोळा आधारात १० दिसणारा हपचा. आमच्या यादीत बहुतेक ओळींत १९ होतं, पण अकरा ओळींत १८. म्हणजे आम्ही वाचण्यातला रस काढून घेतला होता, तरी एरर आणि हप तिथे होतेच.

शेवटी एसएस -टीएनपी लावून सॉकेटांच्या अवस्था बघा. क्लोज-वेट अवस्थेतली बरीच सॉकेटं दिसली, तर समोरच्याने फोन ठेवलाय आणि तुम्ही अजून कानाला लावून बसलाय असं समजा.

१८ चा अर्थ

आमच्या बिघाडाचं मूळ हेच होतं, म्हणून इथे थोडं थांबते.

डेटाबेस मंदावला की केंद्रांकडून येणारं वाचन आम्ही थांबवायचो. त्या सॉकेटचा रस शून्य करायचो, जेणेकरून मेमरी भरू नये. कल्पना योग्यच. पण ईपोलएरर आणि ईपोलहप या दोन घटना कर्नल न मागताही देतो. रस शून्य ठेवला तरी देतो. जतच्या त्या केंद्राचं सिम मध्येच नेटवर्क बदलून परत आलं, जुनं कनेक्शन रीसेट झालं, आणि कर्नल सांगू लागला: "हप. एरर. हप. एरर." आमचा हँडलर, म्हणजे घटना हाताळणारा कोड, फक्त "वाचायचंय का?" आणि "लिहायचंय का?" विचारायचा. दोन्ही नाही, म्हणून काहीच न करता परतायचा.

वाईट गोष्ट पुढे होती. लूपने कोअर खाल्ला. डेटाबेस त्याच मशीनवर, तो उपाशी राहिला. तो मंदावला म्हणून आणखी सॉकेटांचा रस शून्य केला गेला आणि त्यातली काही पुढे रीसेट झाली. एका सॉकेटचा आजार वीस मिनिटांत अकरा सॉकेटांना लागला.

जावाच्या सिलेक्टरमध्येही लिनक्सवर जेडीके १.६ च्या काळात हाच दोष होता. सिलेक्ट वेळ न संपता शून्य घेऊन लगेच परतायचं आणि थ्रेड गरगर फिरायचा. त्यावरचा नेटी या लायब्ररीचा तोडगा पुढे येतोच.

दुरुस्ती सोपी: घटना हाताळताना एरर आणि हप सगळ्यात आधी तपासा, रस काहीही असो. हप आला तरी बफरमध्ये शेवटचं माप पडलेलं असू शकतं. म्हणून शून्य किंवा एरर येईपर्यंत वाचून घ्या, मग ईपोलमधून काढा आणि मग बंद करा. क्रम हाच ठेवा. कारण पुढच्या भागात आहे.

बाकीचे गुन्हेगार

बंद केलेलं सॉकेट तरीही घटना देतंय, हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. ईपोल फक्त तुमचा डिस्क्रिप्टरचा क्रमांक लक्षात ठेवत नाही. त्यामागची कर्नलमधली उघडी फाइलही लक्षात ठेवतो, आणि ती जिवंत आहे तोवर नोंद राहते. आमच्या सर्व्हरमधून रोज दुपारी एक रिपोर्टची स्क्रिप्ट फोर्क होऊन, म्हणजे सर्व्हरच्या प्रोसेसची प्रत काढून, चालायची. तिच्या हाती सगळ्या सॉकेटांच्या प्रती जायच्या. मूळ प्रोसेसने सॉकेट बंद केलं तरी प्रत जिवंत, म्हणून उघडी फाइल जिवंत, म्हणून ईपोलमधली नोंद जिवंत. आणि आता तो क्रमांक तुमच्याकडे नाही, त्यामुळे ईपोल-सीटीएलने, नोंदी बदलणाऱ्या कॉलने, ती काढताही येत नाही. घटनेसोबत येणारा पॉइंटर मोकळ्या केलेल्या मेमरीकडे बोट दाखवत असेल तर क्रॅशही ठरलेला. उपाय तीन आहेत आणि तिन्ही करा: सॉकेट बनवताना आणि ॲक्सेप्ट४ करताना क्लोएक्झेक (दुसरा प्रोग्राम सुरू होताच डिस्क्रिप्टरची प्रत बंद करणारी खूण) लावा, बंद करण्याआधी नोंद काढा, आणि घटनेच्या ६४ बिटांच्या डेटात पॉइंटर न ठेवता ३२ बिटांत डिस्क्रिप्टर आणि ३२ बिटांत पिढीचा क्रमांक (तोच डिस्क्रिप्टर नव्या सॉकेटला मिळाला की वाढणारा आकडा) ठेवा. पिढी जुळली नाही तर घटना शिळी.

ॲक्सेप्टचा फास वेगळा. डिस्क्रिप्टरची मर्यादा संपली की ॲक्सेप्ट, नवं कनेक्शन स्वीकारणारा कॉल, ईएमफाइल ही एरर देतं, पण येणारं कनेक्शन रांगेतच राहतं, म्हणून ऐकणारं सॉकेट सतत "तयार" दिसतं. लिनक्सवर ही मर्यादा सहसा १०२४ पासून सुरू होते. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. वीज गेलेली, टॉवर बंद. नंतर वीज येत-जात राहिली आणि प्रत्येक केंद्र दर वेळी नवं कनेक्शन उघडत गेलं, जुनी मेलेली कनेक्शनं मात्र आमच्या यादीत तशीच. सव्वातीनशे केंद्रांनी १०२४ ची मर्यादा कधी गाठली ते आम्हाला कळलंही नाही. यावरची जुनी युक्ती खरोखर चालते: सुरुवातीलाच डेव्ह-नल ही कायम रिकामी फाइल उघडून एक डिस्क्रिप्टर राखून ठेवा. ईएमफाइल आलं की तो सोडा, ॲक्सेप्ट करा, आलेलं कनेक्शन लगेच बंद करा, राखीव परत उघडा. समोरच्याला निदान नकार तरी कळतो. सोबत काही क्षण ऐकणं थांबवा आणि लॉगमध्ये ठळक नोंद करा.

लिहून झाल्यावर ईपोलआउट (लिहायला जागा असल्याची घटना) काढायला विसरणं ही नवशिक्यांची हमखास चूक. सॉकेटच्या बफरमध्ये जागा जवळजवळ नेहमीच असते, त्यामुळे ते कायम तयार. रीडने शून्य दिलं तरी सॉकेट बंद न करणं हीसुद्धा त्याच घरची, क्लोज-वेटचा ढीग तिथूनच येतो. टायमर ०.४ मिलिसेकंदावर असेल आणि तुम्ही खाली पूर्णांक केलात, तर टाइमआउट शून्य होऊन वेळ भरेपर्यंत लूप गरगरतो. म्हणून वर पूर्णांक करा, आणि घड्याळ मोनोटॉनिकच, म्हणजे कधीही मागे न जाणारं, वापरा.

सिलेक्ट वापरत असाल तर १०२४ आणि त्यापुढचा डिस्क्रिप्टर त्यात घालू नका, मेमरी बिघडते. शिवाय सिलेक्ट तुमचे संच बदलून परत देतं, ते दर फेरीला नव्याने भरायला हवेत.

कोडने स्वतःच ओळखावं

एसट्रेस घेऊन रोज सकाळी साडेसहाला कुणी बसणार नाही. लूपला स्वतःची नाडी बघता आली पाहिजे.

प्रत्येक फेरीत ईपोल-वेटच्या आधीची आणि नंतरची वेळ नोंदवा. मग फेरीत प्रगती किती झाली ते मोजा: वाचलेले किंवा लिहिलेले बाइट, स्वीकारलेली कनेक्शनं, बंद केलेली सॉकेटं, चाललेले टायमर, रांगेतून उचललेली कामं. प्रगती शून्य, टाइमआउटची वेळ भरलेली नाही, ईइंटर नाही, आणि दुसऱ्या थ्रेडने इव्हेंटएफडीवरून मुद्दाम उठवलेलंही नाही, तर ती फेरी फुकटची. सलग फुकटच्या फेऱ्यांचा आकडा ठेवा आणि कुठलीही खरी फेरी झाली की शून्य करा. नेटी सलग ५१२ अकाली उठण्यांनंतर सिलेक्टर नव्याने बांधते. आम्हीही ५१२ च घेतलं. निरोगी लूपमध्ये सलग पाच फुकटच्या फेऱ्याही मी पाहिल्या नाहीत, त्यामुळे त्या आकड्यावर खोट्या अलार्मची भीती नाही.

पण एवढ्यावर थांबू नका. गर्दीच्या वेळी बिघडलेल्या सॉकेटसोबत बाकीच्यांचं खरं काम चालू असतं आणि सलग आकडा सारखा शून्य होत राहतो. म्हणून प्रत्येक सॉकेटचाही वेगळा आकडा ठेवा: कर्नलने याचं नाव घेतलं आणि आपण याचं काहीच केलं नाही, असं सलग किती वेळा झालं. हा १६ वर गेला की त्या सॉकेटची संपूर्ण नोंद लॉगमध्ये टाका. डिस्क्रिप्टर, केंद्राचा क्रमांक, आलेल्या घटना, आपला रस, आणि सॉकेटची स्थगित एरर, म्हणजे कर्नलने नोंदवलेली पण अजून न विचारलेली. मला विचाराल तर या सगळ्यात सर्वांत मोलाची ओळ हीच. पहिला आकडा सांगतो की घरात चोर आहे, दुसरा त्याचं नाव सांगतो.

सावरण्याची पायरी-पायरी

सुरुवात एका सॉकेटपासून करा. सॉकेटचा आकडा वाढला की स्थगित एरर विचारा आणि नॉन-ब्लॉकिंग (डेटा नसेल तर न थांबता परतणारं) रीड करून बघा. एरर किंवा शून्य आलं तर नोंद काढून बंद करा. यंत्र पुन्हा जोडेल, दूधवाल्याला दोन सेकंदांचा उशीर जाणवेल, इतकंच. पोलने सांगितलं म्हणून रीड अडकणारच नाही असं समजू नका. यूडीपीच्या पॅकेटचा चेकसम (डेटा शाबूत आहे का ते तपासणारा आकडा) चुकला तर "तयार" सांगूनही वाचायला काही नसतं. प्रत्येक सॉकेट नॉन-ब्लॉकिंगच हवं.

त्याने भागलं नाही, म्हणजे घटना येतेय पण ती तुमच्या यादीतल्या कुठल्याच जिवंत सॉकेटची नाही, तर ईपोल नव्याने बांधा. क्लोएक्झेकसह नवा ईपोल बनवा आणि जोडणीची यादी नेहमी स्वतःच्या तक्त्यातून घ्या, जुन्या ईपोलमधून नव्हे. प्रत्येक सॉकेट आजच्या रसासह जोडा, ज्याची जोडणी नाकारली जाईल ते बंद करा. ऐकणारं सॉकेट, इव्हेंटएफडी आणि टायमरएफडी विसरू नका. आम्ही एकदा इव्हेंटएफडी विसरलो होतो. लूप शांत झाला आणि डेटाबेसच्या थ्रेडकडून आलेली उत्तरं त्याला कळेनाशी झाली. सगळं जोडून झालं की जुना ईपोल बंद करा. आधीपासून पडून असलेला डेटा हरवत नाही, जोडताना सॉकेट तयार असेल तर कर्नल लगेच कळवतो, एज-ट्रिगर्ड (बदल झाला तेव्हा एकदाच कळवणारी पद्धत) असलं तरी. हे सगळं लूपच्याच थ्रेडवर करा.

हा क्रम उलटा करणारे खूप दिसतात. काहीही झालं की पुनर्बांधणी. पण आमच्या १८ वाल्या सॉकेटांवर पुनर्बांधणीचा शून्य उपयोग झाला असता. त्याच रसासह ती पुन्हा जोडली गेली असती आणि पहिल्याच फेरीत हप पुन्हा हजर. फोर्कमध्ये अडकलेल्या भुतांवर मात्र पुनर्बांधणी हाच इलाज.

एका मिनिटात तीनदा पुनर्बांधणी झाली तर आजार तुमच्या समजुतीबाहेरचा आहे. ऐकणं बंद करा, हातातल्या पावत्या पूर्ण करा, लॉग लिहा आणि अपयशाच्या कोडने बाहेर पडा. सिस्टिमडीमध्ये (लिनक्सवर सेवा चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) अपयशावर रीस्टार्ट लावलेलं असेल तर काही सेकंदांत सर्व्हर परत उभा राहतो.

दुसरा आजार: न उठणारा लूप

एज-ट्रिगर्ड पद्धत वापरत असाल तर ईअगेन (आता वाचायला काही उरलं नाही) येईपर्यंत वाचायलाच हवं. मध्येच थांबलात तर उरलेल्या डेटासाठी कर्नल पुन्हा हाक मारत नाही. निष्पक्षपणासाठी एका सॉकेटवर मर्यादा घालायची असेल तर ते सॉकेट स्वतःच्या "बाकी" यादीत टाका आणि पुढची फेरी शून्य टाइमआउटने घ्या. सक्ती नसेल तर लेव्हल-ट्रिगर्डच (डेटा उरला असेल तोवर पुन्हा पुन्हा कळवणारी पद्धत) ठेवा. आम्ही त्यावरच परतलो आणि वेगात काहीही फरक पडला नाही.

अर्धमेली कनेक्शनं हा गावाकडचा रोजचा प्रश्न. वीज गेली, यंत्र बंद पडलं, निरोप द्यायला कुणी उरलंच नाही. तुमच्याकडे कनेक्शन प्रस्थापित दिसत राहतं. टीसीपी कीपअलाइव्ह, म्हणजे शांत कनेक्शन जिवंत आहे का हे अधूनमधून विचारणं, मुळात बंद असतं, आणि चालू केलं तरी लिनक्सच्या मूळ सेटिंगने ७२०० सेकंद वाट बघून, मग ७५ सेकंदांच्या अंतराने ९ वेळा विचारून ते हार मानतं. म्हणजे दोन तास अकरा मिनिटं. तोवर सकाळचं संकलन आटोपून टँकर रस्त्याला लागलेला असतो. आम्ही प्रत्येक सॉकेटवर ६० सेकंद शांतता, १० सेकंदांचं अंतर आणि ३ प्रयत्न ठेवले. पाठवलेल्या डेटाची पोच येत नसेल तर टीसीपी यूझर टाइमआउट लावा. आणि त्याच केंद्राच्या क्रमांकाने नवं कनेक्शन आलं की जुनं त्याच क्षणी बंद करा. पुराच्या वेळी ही शेवटची एक ओळ कोडमध्ये असती तर ती मर्यादा कधीच गाठली गेली नसती.

लूपचा टाइमआउट कधीही अमर्याद ठेवू नका, एक सेकंद पुरे. दर फेरीला एक आकडा वाढवा आणि वेगळा थ्रेड तो बघत राहू दे. पाच सेकंद आकडा हलला नाही तर लूप कुठल्यातरी हँडलरमध्ये अडकलाय. सिस्टिमडीचा वॉचडॉग (वेळेत निरोप आला नाही तर सेवा अडकली असं धरणारा) लावणार असाल तर एक खाचखळगा लक्षात घ्या. गरगरणारा लूपही त्याला वेळेवर "मी ठीक आहे" कळवत राहतो, उलट जास्तच उत्साहाने. म्हणून तो निरोप फुकटच्या फेऱ्यांचा आकडा मर्यादेत असेल तरच पाठवा.

मुद्दाम बिघडवून बघा

हे सगळं लिहून तपासलं नाही तर पुढची तपासणी जतचं ते केंद्रच करेल. चाचणीच्या क्लायंटमध्ये सॉकेटचा लिंगर (बंद करताना किती थांबायचं ते ठरवणारी सेटिंग) चालू करून वेळ शून्य ठेवा. बंद करताच ते रीसेट पाठवतं. सर्व्हरने त्या सॉकेटचा रस शून्य केलेला असताना हे करा, आमचा आजार हुबेहूब उभा राहील. यूलिमिट -एन ६४ लावून, म्हणजे डिस्क्रिप्टरची मर्यादा ६४ करून, सत्तर कनेक्शनं उघडा, ॲक्सेप्टचा फास दिसेल. क्लोएक्झेक न लावता एक चाइल्ड प्रोसेस स्लीपमध्ये ठेवा आणि मूळ प्रोसेसमध्ये सॉकेट बंद करा, मग क्लायंटकडून काही बाइट पाठवा. फायरवॉलमध्ये क्लायंटचे पॅकेट ड्रॉप करून दीड मिनिट थांबा आणि अर्धमेलं कनेक्शन आवरलं जातंय का ते बघा. प्रत्येक चाचणीत दोनच गोष्टी तपासा: लॉगमध्ये दोषी सॉकेटची नोंद आली का, आणि तेवढ्या वेळात बाकीच्या क्लायंटना उत्तरं वेळेत मिळाली का.

आमच्याकडे या चार चाचण्या आता प्रत्येक नव्या आवृत्तीआधी चालतात. फुकटच्या फेऱ्यांचा आकडा ऑफिसातल्या स्क्रीनवर लीटरच्या आकड्याशेजारीच दिसतो. परवा तो अचानक वर गेला, आटपाडीच्या एका केंद्राची ओळ लॉगमध्ये आली, सॉकेट बंद झालं, दोन सेकंदांत यंत्र परत जोडलं गेलं. मी केंद्रावर फोन करून विचारलं, काही अडलं का. "नाय ताई, पावत्या निघत्यात की. का, काय झालं?"